हेल्मेटमधलं बिऱ्हाड

पक्षी कसे बोलवायचे, हे मला विचारा! म्हणजे, आता नका विचारू. आता त्या विषयावर मी तोंड उघडत नाही. पण तेव्हा, उन्हाळा तोंडावर आला होता तेव्हा, सकाळच्या चहाला मी छाती फुगवून बायकोला सांगितलं होतं, "पंधरा दिवस दे मला! आपल्या परसात असे पक्षी उतरवतो, की लोक रांगा लावतील!"

बायकोनं कप खाली ठेवला. ती तलावावर पोहायला शिकवते. पहाटे पाचला घराबाहेर पडते ती गळ्यात शिट्टी अडकवूनच. एका शिट्टीत वीस पोरं पाण्यात आणि दुसऱ्या शिट्टीत वीस पोरं काठावर, असा तिचा कारभार असल्यामुळे घरातही ती फार शब्द खर्च करत नाही.

"आणि त्यानं काय होईल?"

"बाबा बोलतील," मी म्हणालो.

ती कप उचलून आत गेली.

बाबा म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली. त्या चौतीस वर्षांत त्यांच्या बसनं कुणाला साधा ओरखडा काढला नाही. माणूस बोलका तर असा, की 'चालकाशी बोलू नये' ही पाटी त्यांच्या बसमध्ये प्रवाशांच्या बचावासाठी लावली आहे, असं लोक म्हणत! सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि त्यांच्यामागोमाग आली त्यांची स्कूटर. आकाशी रंगाची, माझ्या लग्नाच्याही आधीची. तिच्या मागच्या सीटवर सासूबाईंनी सगळा संसार केला होता. त्यांचं लाल हेल्मेट अजून पट्ट्यानं हँडलला लटकत होतं. ते तिथून काढायची ना बाबांची हिंमत, ना बायकोची. मी तर जावई. माझा प्रश्नच नव्हता.

बाबा आल्यावर वर्षभर घर नुसतं गाजत होतं. रोज सकाळी स्कूटर काढायची, चक्कर मारून यायचं आणि त्या चकरेचं वर्णन संध्याकाळपर्यंत पुरवायचं.

आणि मग मी त्यांचे डोळे तपासले.

माझं चष्म्याचं दुकान आहे. 'हे बरं दिसतं, की ते बरं?' हा प्रश्न मी दिवसातून तीनशे वेळा विचारतो. बाबा चष्म्याची सैल झालेली दांडी आवळून घ्यायला आले होते. मी सहज म्हणून त्यांना खुर्चीत बसवलं. तक्त्यावरची अक्षरं त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. वर 'ओळ संपली? आणखी बारीक नाही का ठेवत?' असंही विचारलं. मी खूश! मग त्यांना नाकासमोर बघायला सांगितलं आणि कडेनं बोट पुढे आणायला लागलो. बोट दिसलं की सांगा, म्हटलं. बोट कानाजवळ आलं, डोळ्याच्या कोपऱ्याशी आलं, पुढे आलं, आणि बाबा म्हणताहेत, "आणा ना बोट, जावईबापू! केव्हाचा थांबलोय!"

मी बोट खाली घेतलं आणि बायकोला फोन लावला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं लख्ख, कडेचं गेलेलं. गेलेलं परत येणार नाही, पण रोज थेंब घातले तर आहे ते टिकेल. आणि गाडी चालवणं? डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आणि ते वाक्य माझ्या वाट्याला आलं.

"बाबा, आता गाडी बंद."

बाबांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "गाडी चालवायची नाही, तर हे डोळे काय कपाटात ठेवायला?"

ते त्यांचं शेवटचं लांब वाक्य. त्यानंतर 'हो', 'नको' आणि 'ठेवा तिथं' एवढ्यावर त्यांचं चालायचं. थेंबांची बाटली फडताळात जशीच्या तशी. बायकोनं रागावून पाहिलं, रडून पाहिलं. बाबा मागच्या दारात वेताच्या खुर्चीवर बसायचे आणि परसाच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली उभ्या असलेल्या स्कूटरकडे बघत राहायचे. किल्ली बायकोच्या शिट्टीच्या दोरीला बांधलेली!

म्हणून पक्षी. माझा हिशेब सरळ होता. माणसाला बघण्यासारखं काही मिळालं, की डोळे जपावेसे वाटतील. पक्षी आले की थेंब आले!

पहिल्या दिवशी मी पेरूच्या फांदीला एक पसरट ताटली टांगली आणि तिच्यात बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया ओतल्या. बाबांना म्हणालो, "आता बघा हं, चिमण्या येतील."

"ठेवा तिथं," बाबा म्हणाले.

चिमण्या आल्या नाहीत. कबुतरं आली. आधी दोन आली, त्यांनी जाऊन बाकीच्यांना कळवलं असावं, कारण अर्ध्या तासात परसात पाय ठेवायला जागा उरली नाही! भिंतीवर कबुतरं, नळावर कबुतरं, आणि दोरीवर बायकोनं धुऊन वाळत टाकलेल्या तलावाच्या चोवीस पांढऱ्या टॉवेलांवर शेजारी शेजारी बसलेली कबुतरं. पुढचं सांगत नाही. तुम्ही कबुतरं पाहिलेली आहेत.

बायको दुपारी आली. टॉवेल पाहिले. तिनं शिट्टी तोंडात घातली आणि अशी वाजवली, की कबुतरं तर उडालीच, पण शेजारच्या घरातले आजोबाही आंघोळ अर्धी टाकून बाहेर आले!

पण हरणारा तो मी नव्हे. पक्ष्यांना पाणी लागतं, म्हणून मी मातीची उथळ परात ठेवली; त्यात शेजारचा कुत्रा येऊन बसायला लागला. उकाड्याचे दिवस, तोही बिचारा काय करणार? फळांच्या फोडी ठेवल्या, त्या मुंग्यांनी नेल्या. मग मी लाकडी फळ्या आणून दोन रविवार खपून पक्ष्यांसाठी एक सुरेख खोका बनवला. भोक जरा मोठं झालं. तिसऱ्या दिवशी त्यातून एक मांजर बाहेर डोकावलं आणि 'काय काम आहे?' अशा नजरेनं माझ्याकडे बघायला लागलं.

सतराव्या दिवशी बायकोनं निकाल दिला. "पुरे. आजपासून या परसात मला एक पीससुद्धा दिसता कामा नये. आणि दुसरं, ती स्कूटर विकायची. एक पोस्टमनकाका आहेत, त्यांची नात माझ्याकडे शिकते. त्यांना हवी आहे. रविवारी येताहेत."

"अगं, पण बाबांना..."

"बाबा त्या स्कूटरकडे बघत बघत दगड होऊन चाललेत!" तिचा आवाज एकदम खाली आला. "आणि मी पाण्यात पोरांचे पाय धरलेले असतात, तेव्हा माझ्या डोक्यात काय चालतं माहितीय? आज बाबांनी दुसरी किल्ली शोधली असेल का? आज ते निघाले असतील का? आणि बाजूनं कुणीतरी आलं असेल, आणि त्यांना दिसलंच नसेल..."

तिनं बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "हो."

शनिवारी सकाळी ती तलावावर गेल्यावर मी फडकं आणि बादली घेऊन स्कूटर पुसायला गेलो. विकायची वस्तू निदान चकचकीत तरी दिसावी! छपरापाशी पोहोचतो न पोहोचतो तोच माझ्या नाकासमोरून काहीतरी फर्रकन गेलं. डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल ठिपका. बुलबुल! चोचीत गवताची काडी! कुंपणावर बसून तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माणूस बिनकामाचा आहे याची खात्री करून घेतली आणि सरळ सासूबाईंच्या हेल्मेटमध्ये उतरली.

मी चवड्यांवर उभा राहून डोकावलो. उलट्या लटकलेल्या हेल्मेटच्या तळाशी, अस्तरावर, वाटीएवढं घरटं. मी इकडे ताटल्या, पराती, खोके मांडून बसलो होतो आणि बाईसाहेबांनी बिऱ्हाड थाटलं होतं ते इथं!

मी बादलीसकट धावत सुटलो. "बाबा! बाबा, चला! हेल्मेटमध्ये..."

"हळू बोला!" बाबा म्हणाले.

महिन्याभरात ऐकलेले नवीन शब्द! मी जागीच थबकलो. बाबा खुर्चीच्या कडेवर आले होते. "दोन दिवसांपासून बघतोय. आधी काथ्या नेला, मग गवत. तुम्ही बादली घेऊन निघालात तेव्हा काळीज हललं माझं."

मी त्यांची खुर्ची उचलून छपरापासून दहा पावलांवर ठेवली आणि आम्ही दोघं बसलो. बुलबुल यायची, जायची. समोर हेल्मेटच्या काठावर बसली की बाबांचा चेहरा उजळायचा. पण प्रत्येक वेळी ते किंचित दचकायचे.

"कुठून आली ही?" त्यांनी विचारलं.

"डावीकडून. कुंपणावरून."

"दिसली नाही." थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"उजवीकडून, बाबा. तुमच्या खांद्याला जवळजवळ घासून गेली."

बाबा खुर्चीत मागे टेकले. हात मांडीवर, जणू समोर स्टिअरिंग आहे. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "ती पक्षी आहे म्हणून बरं. पोर असतं, चेंडूमागं धावत आलेलं, तर..."

तक्त्यासमोर बसवून मला जे त्यांच्या गळी उतरवता आलं नव्हतं, ते त्या मूठभर पाखरानं चार फेऱ्यांत उतरवलं होतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "ती बाटली आणा."

"बाबा, गेलेलं परत नाही यायचं."

"आहे तेवढं पुरे आहे. समोरचंच तर बघायचंय."

थेंब घालायची मला इतकी घाई झाली होती, की पहिला थेंब त्यांच्या मिशीवर पडला. "दुकानात लोकांचं काय करता हो तुम्ही?" बाबा म्हणाले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माणूस टोमणे मारायला लागला, म्हणजे रस्त्याला लागला.

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? बायकोला सगळं सांगून टाकलं असतं. पण 'एक पीससुद्धा दिसता कामा नये' हे शब्द माझ्या कानांत ताजे होते. बाबाही म्हणाले, "तिला इतक्यात नको. टापटिपीची आहे. हेल्मेट उचलून धुवायला टाकेल." झालं! आमचा कट शिजला.

रविवारी पोस्टमनकाका आले. काटकुळे, उंच, हसरे. जन्मभर सायकलवरून पत्रं वाटलेली; पिंढऱ्या दगडासारख्या. "आता एकदा तरी इंजिनावर बसायचंय!" असं म्हणत ते हात चोळत परसाकडे निघाले.

"थांबा!" मी आणि बाबा एकदम ओरडलो.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"हँडल जाम झालंय," मी म्हणालो.

"चाक बसलंय," बाबा त्याच क्षणी म्हणाले.

"म्हणजे चाक बसल्यामुळे हँडल जाम झालंय," मी सावरून घेतलं.

बायकोनं डोळे बारीक केले. तेवढ्यात देवासारखा तलावावरून फोन आला, म्हणून ती आत गेली. बाबांनी पोस्टमनकाकांचं मनगट धरलं, छपराजवळ नेलं आणि बोटानं दाखवलं. काकांनी डोकावून पाहिलं. घरट्यात एक अंडं होतं, गुलाबीसर, तांबूस शिंतोड्यांचं. काका हळूच मागे सरले आणि पायांतली पायताणं काढून हातात घेतली. आवाज होऊ नये म्हणून!

"किती दिवस?" त्यांनी कुजबुजून विचारलं.

"महिना तरी धरा," मी म्हणालो.

"धरला! चाळीस वर्षं थांबलोय, महिन्याचं काय! पण एक अडचण आहे." ते ओशाळले. "मला स्कूटर चालवता येत नाही."

बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू उमटलं, ते मी सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "उद्या सकाळी सहाला या," ते म्हणाले. "मी शिकवतो."

स्कूटर तर बिऱ्हाडकरूंनी अडवलेली. मग शिकवायचं कशावर? स्वयंपाकघरातली दोन स्टुलं! एकामागे एक मांडली. पुढच्या स्टुलावर पोस्टमनकाका, हातांत आडवा धरलेला झाडूचा दांडा. मागच्यावर बाबा.

"क्लच दाबा. दाबलात?"

"दाबला."

"काय दाबलात? तो ब्रेक! पाडाल मला! पहिला टाका. हळू सोडा, हळू... आरसा बघा. कोण येतंय मागनं?"

"तुम्हीच दिसताय."

"मी नाही, ट्रक येतोय! कडेला घ्या!"

आणि दोघं स्टुलांसकट डावीकडे झुकायचे. बायको घरात नसताना रोज दीड तास हा प्रकार चालायचा. मी दुकानात निघण्यापूर्वी चहा घेऊन जायचो, तेव्हा मला 'सिग्नल लागलाय, थांबा' म्हणून चहा हातात धरून उभं करायचे! अधूनमधून बुलबुल दाणापाण्याला गेली, की दोघे पाय न वाजवता हेल्मेटपाशी जायचे. तीन अंडी झाली. तेराव्या दिवशी पहिलं फुटलं. त्या दिवशी बाबांनी मला दुकानात फोन करून 'बाहेर आलं!' एवढंच सांगितलं. मी गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीचा चष्मा तसाच ठेवून घरी पळत आलो. अर्ध्या तासानं परत गेलो, तर गृहस्थ अजून तक्ता वाचत होते!

बाबा बोलायला लागले, जेवायला लागले, थेंबांची वेळ स्वतः सांगायला लागले. बायको रात्री मला म्हणायची, "बाबांना काय झालंय हो? इतके खुशीत? स्कूटर विकायची म्हटल्यावर?" मी पाठ करून झोपायचो. खोटं बोलताना माझे कान हलतात, असं तिचं म्हणणं आहे.

आणि मग त्या गुरुवारी तलावाचा पंप बिघडला आणि ती सकाळी सातलाच घरी परत आली.

मागच्या दाराशी ती पोहोचली तेव्हा परसात आम्ही तिघंही होतो, तिच्याकडे पाठ करून. तिनं काय ऐकलं, ते तिनं मला नंतर शब्दन् शब्द ऐकवलं. ते असं:

पोस्टमनकाका: "म्हणजे अजून आठ दिवस?"

बाबा: "आठ दिवस. मग उडणार! आणि त्याच दिवशी आपण स्कूटर काढायची. सुटायचं ते थेट हमरस्त्याला!"

पोस्टमनकाका: "मुलीला सांगितलंत?"

बाबा: "छे! तिला कळलं तर शिट्टी वाजवून सगळं उधळून टाकेल."

आणि मी, तिचा लग्नाचा नवरा: "तिची काळजी करू नका, बाबा. मी सांभाळतो तिला."

पुढचं मी कसं सांगू? शिट्टी वाजली. साधी नाही. एखादं पोर खोल पाण्यात बुडताना वाजवतात, ती! पोस्टमनकाका पुढच्या स्टुलावरून पडले, बाबा त्यांच्यावर पडले, झाडूचा दांडा माझ्या नडगीवर बसला. आणि हेल्मेटमधून बुलबुल बाणासारखी सुटली, ती कुंपणापलीकडे दिसेनाशीच झाली.

"पळून चालला होता?" बायको ओरडत होती. तिचा चेहरा पांढराफटक. "बाबा, तुम्ही... आणि अहो, तुम्हीसुद्धा? डोळे तुम्ही तपासलेत ना? मला एकटीला वाईट ठरवून तुम्ही सगळे... आत्ताच्या आत्ता ती स्कूटर इथून जाणार!"

आणि ती तरातरा छपराकडे निघाली.

"अगं, थांब!" मी.

"पोरी, हात लावू नकोस!" बाबा जमिनीवरून.

तिनं स्कूटरचं हँडल धरलं. ओढणार, तेवढ्यात हेल्मेट हललं आणि आतून आवाज आला. चीं. अगदी बारीक. तिनं खाली पाहिलं.

तीन उघडे-वाघडे जीव माना ताणून, चोची चारी बाजूंनी फाकून वर बघत होते. डोळेसुद्धा नीट उघडले नव्हते. हेल्मेट हललं म्हणजे आई आली, एवढंच त्यांना ठाऊक!

बायकोचा हात हँडलवर तसाच राहिला. सासूबाई गेल्यापासून ती त्या हेल्मेटच्या इतक्या जवळ गेली नव्हती. अस्तराच्या कडेला सासूबाईंनी स्वतःच्या हातानं घातलेले टाके दिसत होते. त्या टाक्यांना लागूनच घरटं होतं.

"आईचं..." ती म्हणाली, आणि तिनं हँडलवरचा हात अलगद काढून घेतला.

बाबा उठून, गुडघे झटकत तिच्याजवळ गेले. "तुझ्या आईला डोक्यावर काही ठेवलेलं आवडायचं नाही. घाम येतो म्हणायची. रोज भांडण. मी म्हणायचो, हे घातल्याशिवाय गाडी हलणार नाही." मग म्हणाले, "मी नाही गं चालवणार स्कूटर. कडेचं दिसत नाही मला. यांच्या आईनं दाखवून दिलं. हे काका चालवणार, मी मागे बसणार."

बायकोनं बापाकडे पाहिलं. काचबिंदूचं नाव निघाल्यापासून हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला तिनं काय काय केलं होतं! ती हुंदका देणार, एवढ्यात तिचे डोळे कुंपणाकडे गेले.

"ती कुठंय? यांची आई कुठंय?" आणि मग कळवळून, "माझ्या शिट्टीनं गेली का हो ती? येईल ना परत?"

आम्ही चौघं घरात गेलो, मागचं दार लावलं आणि खिडकीपाशी एकावर एक माना काढून उभे राहिलो. दहा मिनिटं गेली. वीस गेली. पोस्टमनकाकांच्या कोपराला खरचटलं होतं. बायको खिडकीतून नजर न काढता त्यांना मलम लावत होती, त्यामुळे निम्मं मलम माझ्या बाहीला लागलं. पस्तीस मिनिटं. हेल्मेटमधून चीं चीं चाललेली. बायकोनं गळ्यातली शिट्टी काढून टेबलाच्या खणात टाकली आणि खण बंद केला.

"पंधरा हजार पोरं शिकवली असतील मी," ती पुटपुटली, "एकाला बुडू दिलं नाही."

"येईल," बाबा म्हणाले. "आई आहे. वेळ लागला तरी येते."

"आली!" पोस्टमनकाका किंचाळले, आणि आम्ही तिघांनी त्यांचं तोंड दाबलं.

बुलबुल कुंपणावर होती. चोचीत हिरवी अळी. तिनं परस पाहिलं, पडलेली स्टुलं पाहिली, मान वाकडी करून आमची खिडकी पाहिली. आणि उतरली, सरळ हेल्मेटमध्ये.

बायको माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "'मी सांभाळतो तिला' काय? नंतर बघते तुमच्याकडे." तेवढं ती विसरली नव्हती.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात सगळे चवड्यांवर चालत होते. बाबांच्या डोळ्यांत थेंब आता बायको घालायची. तिचा नेम अचूक. शेजारच्या कुत्र्यासाठी तिनं फाटक बांधून घेतलं, मांजराच्या खोक्याचं तोंड पलीकडे वळवलं, आणि कबुतरं नुसती भिंतीवर दिसली की हातांनी अशा खुणा करायची, की तीही मुकाट्यानं निघून जायची. आठव्या दिवशी सकाळी दोन पिल्लं काठावर आली आणि भुर्रकन पेरूवर गेली. तिसरं काही केल्या उडी मारेना. काठावर यायचं, खाली बघायचं, परत आत. बायको खिडकीतून कुजबुजत होती, "गुडघे वाकव. श्वास घे. खाली बघू नकोस, समोर बघ. शाब्बास... आता!" आणि ते गेलं! तिनं मला इतक्या जोरात मिठी मारली, की माझ्या चष्म्याची दांडी मोडली.

स्कूटर पोस्टमनकाकांची झाली. बायकोची एकच अट: रोज सकाळी बाबांना मागे बसवून फिरवून आणायचं, आणि बाबांनी मागून कितीही सांगितलं, तरी हँडल त्यांच्या हातात द्यायचं नाही.

पहिली खरी फेरी सोमवारी निघाली. मी दुकानात जायला निघालोच होतो, तर फाटकातून हाक आली. स्कूटर सुरू होत नव्हती. दोन महिने उभी राहिलेली, रुसली होती!

"जावईबापू, जरा ढकलता का?"

मी ढकलली. पिशवी गळ्यात, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, आणि पुढे ही दोन वजनं. "जोर लावा! अजून!" बाबा मागं वळून सांगत होते. गल्ली संपली, चौक गेला, चढ आला. चढावर मी जीव खाऊन ढकललं आणि इंजिन फटफटलं! आता थांबतील आणि मला दुकानाच्या दारात सोडतील, असं मला वाटलं. पण पोस्टमनकाका पहिल्यांदाच इंजिनावर बसले होते, आणि बाबा त्यांच्या कानात, "क्लच सोडा! दुसरा टाका! वा रे माझ्या वाघा!" असं ओरडत होते. मी मागं आहे, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. बघता बघता ते वळणावरून दिसेनासे झाले. बाबांचा आवाज मात्र त्यानंतरही बराच वेळ ऐकू येत होता.

मी तिथंच उभा राहून हसत होतो. येणारे-जाणारे बघत होते.

दुकानात पोहोचलो तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता. घामानं निथळत होतो, धाप लागली होती. दाराशी एक आजीबाई चष्म्याची डबी घेऊन थांबल्या होत्या.

"एवढा कसा हो उशीर?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू आजी," मी कुलूप उघडत म्हणालो, "स्कूटर सुरू झाली, म्हणून चालत यावं लागलं!"

आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं, डबी पदराखाली घेतली आणि पलीकडच्या चष्मेवाल्याकडे गेल्या.